पूजेतून उठेपर्यंत

अप्पांच्या मातीला मी पोचले नाही. तार पुण्याला हातात पडली तेव्हा दुपारची गाडी निघून गेली होती. दुसऱ्या दिवशी सोलापूर स्टेशनावरून टांगा भवानी पेठेत वळला, तर आमच्या भुसार दुकानाच्या ओट्यावर माणसं अंघोळी करून ओल्या केसांनी बसलेली दिसली. चनमल्लप्पाकाका पुढे आले. अप्पांचे ते धाकटे भाऊ, दुकानातले भागीदार.

"थांबलो असतो बाई," ते म्हणाले, "पन ऊन लई. आनि बसवलेलं मानूस किती येळ ठेवनार?"

आम्हा लिंगायतांत गेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत. अंघोळ घालतात, भस्माचे पट्टे ओढतात, मांडी घालून बसवतात. मान पडू नये म्हणून पाठीमागच्या खुंटीला कापडाची पट्टी बांधतात. बसलेलाच नेतात आणि बसलेलाच पुरतात, त्याचं गळ्यातलं इष्टलिंग त्याच्या हातात देऊन. हे मी लहानपणापासून पाहिलेलं होतं. गेलेलं माणूस लिंगैक्य होतं, शिवात मिळून जातं. मागे काही उरत नाही. म्हणून आमच्यात पिंड नाहीत आणि कावळ्याची वाट पाहणंही नाही. पुण्याच्या शाळेत माझ्या बरोबरीच्या शिक्षिकांना मी हे अभिमानाने सांगत असे.

अप्पांना त्यांच्या पूजेच्या जागीच बसवलं होतं. माजघरातल्या एका भिंतीला लागून ती जागा. माळवदाला उजेडासाठी ठेवलेल्या भोकातून सकाळी तिथे उन्हाचा चौकोन पडे. रोज अंघोळ झाली की अप्पा घोंगडी अंथरून तिथे बसत, गळ्यातल्या चांदीच्या करडगीतून लिंग काढून डाव्या तळहातावर घेत, आणि तो तळहात छातीपाशी धरून त्याच्याकडे पाहत राहत. पापणीसुद्धा लवत नसे. लहानपणी मला त्यांची त्या वेळी भीती वाटायची. आता घोंगडी काढलेली होती, जमीन सारवलेली होती. खुंटी तेवढी होती.

त्याच संध्याकाळी मी मांजराला पाहिलं.

ते स्वयंपाकघरातून निघालं आणि भिंतीच्या कडेकडेने माजघरात आलं. राखाडी, बारीक अंगाची मांजरी. त्या जागेपासून हातभर अंतरावर आली आणि थांबली. पोट जमिनीला टेकलं, कान मागे चिकटले, शेपटीचे केस पिंजारले. ती जमिनीकडे पाहत नव्हती. भिंतीकडेही नाही. मांडी घालून बसलेल्या माणसाचा चेहरा जिथे येईल, तेवढ्या उंचीवर तिची नजर होती. मग ती मागे सरकू लागली. पाठ न फिरवता, एकेक पाऊल मागे टाकत, उंबऱ्यापर्यंत. तिथून पळाली.

स्वयंपाकघराच्या दारात अव्वा, माझी आई, उभी होती.

"बघितलंस?" तिने विचारलं. आवाजात काही नव्हतं. भात झाला का, असं विचारावं तसं.

ती मांजरी आमच्याकडे आली दोन वर्षांपूर्वी, तीस सालच्या मार्शल लॉच्या दिवसांत. रस्ते ओस पडलेले, दुकानं बंद, नाक्यानाक्यावर शिपाई. अप्पांना ती ज्वारीच्या पोत्यांमागे सापडली. कुणाचा हात जवळ आला की अंग चोरायची. ताटलीजवळ माणूस असेल तर उपाशी राहायची. बेक्कू म्हणजे कानडीत मांजर. अप्पांनी तेच तिचं नाव ठेवलं. त्या दिवाळीत मी आले तेव्हा ते मला म्हणाले होते, "हिला माणसाची भीती नाही रत्ना. हलणाऱ्या माणसाची आहे. हात कुठून येईल ते तिला कळत नाही." आणि खरंच, अप्पा पूजेला बसले असताना, हलतच नसताना, एके सकाळी ती आपणहून आली आणि त्यांच्या मांडीत शिरली. मग रोजच यायला लागली. अप्पांची पूजा संपली तरी ती उठेपर्यंत ते बसून राहत. अव्वा चिडायची. नवरा पूजेतून उठून जेवल्याशिवाय ती कधी जेवली नाही, आणि आता तिची भाकरी मांजराच्या मर्जीवर थंड होत होती. "आधी मांजर उठनार, मग मालक उठनार, मग मी जेवनार," ती म्हणायची. "या घरात माझा नंबर मांजरामागं." अप्पा गालात हसायचे आणि बसूनच राहायचे.

हे सगळं मला अव्वाच्या जेवणावरून आठवलं. पहिले काही दिवस घर माणसांनी भरलेलं होतं, कोण जेवलं कोण नाही कुणी पाहिलं नाही. माणसं पांगली आणि मग मला दिसलं की अव्वा जेवतच नाही. दिवेलागणीला वाटीभर पातळ आंबील पिते, तेवढंच. सकाळी भाकऱ्या थापते, दुरडीत झाकते, आणि माजघराच्या दारात पाय मुडपून बसते. दुपार होते. भाकऱ्या काकांच्या घरी जातात. तिच्या चोळीच्या बाह्या सैल झाल्या होत्या. चालताना भिंतीला हात लावत होती.

डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली. बाहेर ओट्यावर येऊन म्हणाले, "आजार काही नाही. पोटात अन्न नाही, एवढंच. पण या वयात हे असंच चाललं तर पावसाळ्यापर्यंत निभणार नाही त्या."

मी अव्वासमोर ताट ठेवलं. तिने ते हलकेच बाजूला सारलं.

"अजून उठले न्हाईत ते," ती म्हणाली.

"कोण?"

तिने माजघराकडे पाहिलं नाही. मांजरीकडे पाहिलं. बेक्कू दाराच्या चौकटीला अंग घासत उभी होती, पुढचा एक पाय उचललेला, आत टाकू की नको अशी. नजर तिथेच, तेवढ्याच उंचीवर.

"मला काय दिसत न्हाई बाई," अव्वा म्हणाली. "मी काय येडी न्हाई. पन तिला दिसतंय की."

मी शिकलेली आहे आणि शिकवते. प्राण्यांच्या सवयींवर इंग्रजीतली एक-दोन पुस्तकं वाचलेली होती. अव्वाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. तिचा सगळा पुरावा मांजरीत होता. मांजरीच्या भीतीचं कारण सापडलं तर अव्वाच्या तोंडात घास जाईल, असा सरळ हिशेब मी केला. दुःखात माणसाला काहीतरी काम लागतं, आणि मला हे काम मिळालं.

आधी मला वाटलं, भिंतीत साप असेल. गवंडी आणून भिंत वाजवून पाहिली, खुंटीखालचं एक बीळ बुजवलं. काही फरक पडला नाही. मग वास. कापूर, धूप, भस्म, फुलं. मातीच्या जमिनीत वास मुरतात. मी ती जागा खणून काढली, नवीन पांढरी माती घातली, सारवली. बेक्कू ओल्या सारवणापर्यंत आली, आणि तिथून मागे सरकली. खुंटी उपटून टाकली. भिंतीला भोक राहिलं, ते बुजवलं. मांजरी भोकाकडे कधी पाहतच नव्हती. तिची नजर त्याच्या बरीच खाली असे.

मग मी पाहत राहिले. मोलकरीण त्या जागेवरून झाडू फिरवत होती तेव्हा बेक्कू शांत होती. मी तिथे उभी राहिले, तरी शांत. वाकून काही उचललं, तरी काही नाही. मग मी तिथे मांडी घालून बसले. ती आढ्याकडे उडाली म्हटलं तरी चालेल. फडताळावरून उतरंडीवर, उतरंडीवरून दाराबाहेर. वरचं गाडगं फुटलं. त्या दिवशी ती परत आलीच नाही.

म्हणजे भीती जागेची नव्हती. बसण्याची होती. माझं मन जरा हलकं झालं. आणि लगेच लक्षात आलं की जागा रिकामी असतानाही ती भितेच.

काका या सगळ्याला कंटाळले होते. "ते मांजर मला दे," ते म्हणाले. "मंद्रूपच्या बाजाराला गाडी जातीय. पोत्यात घालून तिकडं सोडतो. तिकडं उंदरं लई हायत, मजेत ऱ्हाईल."

अव्वा आतून म्हणाली, "सोडा की. मग ते हायत का उठून गेले, मला कोन सांगनार? तुमी?"

काकांनी ज्या तऱ्हेने मान फिरवली, त्यावरून मला वाटलं की त्यांना मांजरी घराबाहेर घालवायची घाई आहे, आणि ती कंटाळ्याची नाही.

मी काकूंना गाठलं. नागम्माकाकू पाखडायला बसल्या होत्या. त्यांचं तोंड सुपापेक्षा जास्त चालतं, पण अप्पांच्या त्या दिवसाबद्दल त्या आजवर एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"काकू, अप्पांना बसवलं तेव्हा मांजर कुठं होतं?"

सूप थांबलं. "मला काय म्हाईत बाई. मांजरावर कोन ध्यान ठेवतंय?"

"काकू, अव्वा मरतेय."

त्यांनी दाराकडे पाहिलं. मग सूप खाली ठेवलं.

"तुज्या काकांनी शपथ घातलीय," त्या म्हणाल्या. "पन ऐक. भावजींना बसवलं. भस्म लावलं, डाव्या हातावर लिंग ठिवलं, हात असा छातीपाशी धरून बांधला. अगदी रोजच्यासारकं बसलेत असं वाटत हुतं बघ. तुजी अव्वा आत हुती, बायकांनी धरून ठिवलेली. जंगम घंटा वाजवनार, एवढ्यात हे मांजर आलं. मानसांच्या पायांमधनं. कुनाला काय कळायच्या आत मांडीत जाऊन बसलं."

"मांडीत."

"व्हय. रोजच्यासारकं. गोल फिरलं, आनि बसलं डोळं मिटून." काकूंनी पदर तोंडाला लावला. "प्रेताला मांजर शिवलं म्हंजे किती वाईट, तुला ठावं हाय. तुजे काका वराडले. त्यांनी त्याला मानेला धरून वढलं, तर त्यानं नखं रुतवली धोतरात. सोडंना. वढातानीत भावजी कलले. पट्टी सुटली. सगळं अंग पुढं आलं, मांजरावर. मान अशी... त्याच्या अंगावर पडली. तवा किंचाळलं ते. मानसासारकं किंचाळलं बघ. मग हेनी त्याला भिंतीवर फेकलं. पुन्ना भावजींना नीट बसवलं, पट्टी बांधली, आनि सगळ्यांनी ठरवलं, बोलायचं न्हाई."

काकू पुन्हा पाखडू लागल्या होत्या. अप्पा कलले, या दोन शब्दांपलीकडे मला जाता येत नव्हतं.

पण कारण सापडलं होतं. साधं, डोळ्यांना दिसेल असं कारण. जो माणूस कधी हलत नाही म्हणून तिने विश्वास टाकला, तोच तिच्या अंगावर कोसळला. ती त्या जागी येते तेव्हा तिला तेच आठवतं. तिथे काही दिसत नाही तिला, ती आठवते. कुत्र्याला काठी आठवते तसं.

मी अव्वाजवळ बसले आणि तिला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. तिला काकांचा राग येईल असं वाटलं होतं. तो आला नाही. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तिला पन तेच वाटलं."

"काय?"

"ते पूजेला बसलेत म्हनून. एवढी मानसं हुती रत्ना, जंगम हुता. कुनाला कळलं न्हाई. मांजराला कळलं." ती जमिनीवर बोटाने रेघ ओढत होती. "पूजेला बसवलं आनि तसंच उचलून नेलं. उठू दिलंच न्हाई. मानूस पूजा अर्धी टाकून जाईल का? तुजे अप्पा जातील?"

मी सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीने तिचंच म्हणणं पक्कं केलं होतं. दुपार झाली. दुरडीतल्या भाकऱ्या काकांकडे गेल्या.

चैत्र गेला. सोलापूरचा उन्हाळा भर दुपारी रात्रीपेक्षा भयाण असतो. गिरणीचा भोंगा वाजून गेला की पेठेत कुत्रंही हलत नाही, पांढरं ऊन दारापर्यंत येऊन उभं राहतं, आणि घरातला प्रत्येक आवाज कुणीतरी केल्यासारखा वाटतो. अव्वा आता दारातून उठताना दोन्ही हातांनी चौकट धरत होती.

वाद संपले होते. उरलं होतं ते करणं. तिथे बसलेलं माणूस अंगावर पडत नाही, हे मांजरीला शिकवायचं. तिथे पूजेला बसलेलं माणूस पूजा पुरी करून उठतं, हे अव्वाला दाखवायचं. दोघींना एकच धडा.

आमच्यात लिंग बाईच्याही गळ्यात असतं. माझं होतं, पुण्यात पूजेला सवड नव्हती, पण ते कधी उतरवलं नव्हतं. सकाळी अंघोळ करून, कपाळाला भस्म लावून मी अप्पांची घोंगडी त्या जागी अंथरली. अव्वा दारात बसली होती.

"बसू का?" मी विचारलं.

"बस. पन पाठ टेकू नको."

मी बसले. लिंग तळहातावर घेतलं, हात छातीपाशी धरला आणि पाहत राहिले. न हलणं किती कठीण आहे ते मला तेव्हा कळलं. पोटरीत मुंग्या आल्या, माशी गालावर बसली. बेक्कू उंबऱ्याशी होती. तिला मी दिसत होते, यात शंका नाही. पण तिची नजर माझ्या चेहऱ्यावर नव्हती. माझ्या डोक्याच्या थोडी वर होती. अप्पा माझ्यापेक्षा उंच होते.

पूजा संपल्यावर मी उठले. अव्वा जेवली नाही. मी रोज बसत राहिले.

त्या बसण्याबद्दल मी कुणाशी बोलले नाही. पाठीला ऊब लागायची. माझी पाठ भिंतीपासून वीतभर दूर होती, तरी लागायची. तापलेल्या भिंतीची असावी तशी. मी एकदा मुद्दाम बाहेरून जाऊन पाहिलं. त्या भिंतीपलीकडे शेजाऱ्यांची धान्याची कोठी आहे, बंद आणि गार. तिथे ऊन कधीच येत नाही. मग मी भिंतीला हात लावून पाहिला. भिंतही गार होती. मी हे मनात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले. मला भीती वाटली असं म्हणता येणार नाही. अप्पांना शेवटचं पाहिलं नव्हतं मी. त्या घोंगडीवर बसल्यावर तेवढा वेळ मला ते पाहायचं राहिल्यासारखं वाटत नसे.

बेक्कू रोज थोडी पुढे येत होती. उंबऱ्याच्या आत. मग उन्हाच्या चौकोनाच्या कडेपर्यंत. एकदा तिने नाक पुढे करून घोंगडीचा वास घेतला आणि पळाली. मी हलले नाही. आणि एका सकाळी, माझं लक्ष खरोखरच तळहातावर असताना, मांडीवर वजन आलं. ती गोल फिरली. तिची हाडं मला साडीतून लागली. ती बसली. थोड्या वेळाने तिच्या पोटात घुर्र सुरू झालं.

मी तिच्याकडे पाहिलं नाही. दारात अव्वा हलल्याचं ऐकू आलं. पूजा संपली तरी मी बसून राहिले, मांजरी आपणहून उतरेपर्यंत. मग लिंग करडगीत ठेवलं, जमिनीला हात लावला आणि उठले.

अव्वा स्वयंपाकघरात गेली होती. मी गेले तेव्हा पाट मांडलेला होता, ताट वाढलेलं होतं: भाकरी, शेंगांची चटणी, दह्याची वाटी. ते अप्पांचं ताट होतं. मी जेवेपर्यंत ती समोर वारा घालत बसली. मग माझं ताट उचललं, त्यातच स्वतःला भाकरी घेतली आणि चटणीबरोबर अख्खी खाल्ली. दुसरी घेतली. मी चुलीकडे तोंड करून बसले, म्हणजे तिला माझे डोळे दिसणार नाहीत.

काकूंनी ऐकलं तेव्हा म्हणाल्या, "एवढी पुस्तकं वाचलीस त्याचं चीज झालं बाई. मांजराला शाळा शिकवलीस."

वैशाखभर हे चाललं. अव्वाच्या अंगावर मांस आलं. ती दुकानात डोकावू लागली, काकांच्या वजनमापात खोट काढू लागली. माझी शाळा उघडायला आली होती. अव्वाला म्हटलं, "आता तू बरी आहेस. मी जाऊ?"

"जा की," ती म्हणाली. "नोकरी हाय तुजी."

निघण्याच्या सकाळी मी पूजेला बसले नाही. मुद्दामच. घोंगडी अंथरून ठेवली आणि माझी ट्रंक भरायला लागले. मला पाहायचं होतं, की मी नसताना हे घर कसं चालेल.

माजघरात काही आवाज नव्हता. थोड्या वेळाने मी दारात आले. बेक्कू आली होती. न थांबता, न दबकता ती सरळ घोंगडीपर्यंत गेली. शेपटी उभी होती. घोंगडीच्या मध्यावर तिने पुढच्या पायांनी मळल्यासारखं केलं, गोल फिरली आणि बसली. डोळे मिटले. उन्हाचा चौकोन तिच्यावर होता. मग तिने मान थोडी वर उचलली, हनुवटीखाली कुणी बोट लावल्यावर उचलतात तशी, आणि तशीच धरून ठेवली. घुर्र मला दारापर्यंत ऐकू येत होतं.

ती आता कशालाच भीत नव्हती. मी तिला पुरतं बरं केलं होतं.

अव्वा माझ्याजवळ येऊन उभी राहिली. तिने पाहिलं. चेहऱ्यावर समाधान आलं, बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं असं. मग ती पाय मुडपून दारात बसली.

"अव्वा, जेवून घे. टांगा येईल आता."

"उठू देत की."

"अव्वा."

"तू जा. तुजी गाडी चुकंल."

उन्हाचा चौकोन सरकत भिंतीकडे गेला. मांजरी झोपली होती. टांगा आला; टांगेवाल्याने दोनदा हाक मारली. काका ओट्यावरून ओरडले, "रत्ना, येनार का त्याला लावून देऊ?" अव्वाने भाकऱ्या दुरडीत झाकून ठेवल्या होत्या. तिचे हात मांडीवर होते, सैल. किती वेळ बसणार ती? मला उत्तर माहीत होतं. ती आज बसेल, उद्या बसेल, पावसाळा येईपर्यंत बसेल.

"अव्वा, ते रोज उठत होते ना," मी म्हणाले. "मग आज का नाही उठत?"

तिने माझ्याकडे वळून पाहिलं. मी अगदी लहान असताना काही साधी गोष्ट मला समजली नाही की ती अशी पाहायची.

"त्यांना एकट्याला उठता येत न्हाई गं," ती म्हणाली.

मी बाहेर गेले आणि टांगेवाल्याला जायला सांगितलं. मागच्या दारी जाऊन पुन्हा अंघोळ केली, ओल्या केसांना गाठ मारली, कपाळाला भस्म लावलं. अव्वा दारातून सरकली आणि मला वाट दिली.

मी बसले तेव्हा बेक्कू जागी झाली. घोंगडीवरून माझ्या मांडीत आली, जणू एकाच अंथरुणावर कूस बदलली. मी लिंग तळहातावर घेतलं. पूजा नेहमीसारखी झाली, नेहमीइतकाच वेळ. मांजरी उतरली. मी करडगी बंद केली, जमिनीला हात लावला आणि उठायला लागले.

त्या दिवशी उठताना गुडघ्यांना जोर लावावा लागला. आजारी माणसाला काखेत हात घालून उठवावं, तेवढा. मी घाई केली नाही. आधी एक गुडघा, मग दुसरा, आणि तोल सावरेपर्यंत थांबले.

स्वयंपाकघरात अव्वाने सकाळच्या गार भाकऱ्या बाजूला ठेवल्या होत्या. ती ताजी भाकरी थापत होती. तो आवाज माजघरात येत होता.